मुसळी, हकीम आणि हार्मोन

आमचे बल्लारपूर वर्धा नदीच्या काठी वसले आहे. गोंडराजांचा किल्ला, कोळसा आणि बांबूवर वाढलेली कागद गिरणी ही त्याची जुनी ओळख. गावापलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीचे रान पसरलेले आहे. १९८२ साली जिल्हे दोन झाले, रान मात्र एकच राहिले. पावसाळ्यात या रानात सफेद मुसळी उगवते. पाने वाळली की आदिवासी बांधव तिची मुळे खणतात, सोलून वाळवतात आणि व्यापाऱ्याला विकतात. हीच मुळे पुढे चकचकीत डब्यांत भरली जातात आणि त्यांवर 'पुरुष हार्मोनच्या संतुलनासाठी' असे छापून येते.

या दोन शब्दांचा, मुसळी आणि हार्मोन यांचा, इतिहास आम्हाला तपासून पाहावासा वाटला.

युनानी तिबमध्ये मुसळी, असगंध, गोखरू, सालब मिसरी यांना 'मुकव्वी-ए-बाह' म्हटले आहे. उर्दू वाचणाऱ्याला हा शब्द नवा नाही. पण त्या हकिमांसमोर हार्मोन नव्हते. त्यांच्यासमोर मिजाज होता, अखलात होते. हार्मोन हा शब्दच १९०५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लिंग यांनी रूढ केला. त्याआधी १८४९ मध्ये जर्मनीत बर्टहोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते, हे दाखवले होते. १८८९ मध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. तो मनाचा खेळ होता, हे पुढे उघड झाले. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुमारे शंभर किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम दहा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हाती लागले. तेव्हा जुन्या किताबाने 'हार्मोन वाढेल' असे म्हटले, हा दावा किताबावरच अन्याय आहे.

मग या वनस्पतींत काहीच नाही का? तसे आम्ही म्हणत नाही. असगंधच्या लहान चाचण्यांत थोडा फरक दिसला आहे. पण तिच्यामुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गोखरूने माणसात टेस्टोस्टेरॉन वाढते, असे सिद्ध झालेले नाही. मुसळीचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. शिवाय 'शुद्ध जडीबुटी'च्या कित्येक पुड्यांत इंग्रजी औषधाची गुपचूप भेसळ सापडली आहे. हृदयरोग्याच्या जिवावर बेतणारी ही गोष्ट. पुरुषशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी रेल्वेने प्रवास करताना भिंती वाचाव्यात!

खरा वारसा वेगळाच आहे. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेची मुळे प्रयोगशाळेत नेली आणि १९३१ मध्ये त्यातून एक द्रव्य वेगळे काढले. हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' नाव दिले. पुढे ते हृदयाच्या ठोक्यांवर उपयोगी ठरले. म्हणजे आमच्या बुजुर्गांनी जडीबुटीवर श्रद्धा ठेवली, पण तिची परीक्षाही घेतली.

तिबमध्ये औषधाआधी 'अस्बाब-ए-सित्ता जरूरिया' विचारतात: हवा, खाणेपिणे, हालचाल आणि विश्रांती, मनाची अवस्था, झोप-जागरण, शरीरातून काय बाहेर जाते आणि काय आत राहते. आमच्या भागातला तरुण दिवसभर खर्रा चघळतो, रात्रभर मोबाइल पाहतो, आणि सकाळी मुसळीची कॅप्सूल गिळतो. तंबाखूने वीर्याची हानी होते, मधुमेहाने आणि लठ्ठपणाने हार्मोन घटते, हे त्याला कोणी सांगत नाही. शिक्षक म्हणून आम्हीही सांगत नाही. लाज आडवी येते.

या लाजेची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजते. निकाहानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की आमच्या मोहल्ल्यात सुनेची तपासणी होते, तावीज होतो, दुसऱ्या निकाहाची कुजबुज होते. मुलगा लपून पुडी खातो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत कारण पुरुषाकडेही असते. वीर्याची तपासणी साधी आहे, स्वस्त आहे आणि तिला बाईच्या तपासणीइतका त्रासही नाही.

मुसळी खणणाऱ्या हातांना तिचा योग्य दाम मिळावा, तिचे बीज रानात टिकावे आणि आमच्या घरांत सुनेआधी मुलाने डॉक्टरकडे जावे. इतके झाले तरी त्या मुळीचे गुण कामी आले, असे आम्ही समजू.