मर्दानी खेळांतील वार आणि बचाव

कोल्हापुरांत शिवजयंतीची मिरवणूक निघाली म्हणजे पेठापेठांतील तालमींचीं मुलें रस्त्यावर उतरतात. हलगी कडाडूं लागते, गर्दी मागें सरून रिंगण करते, आणि रिंगणाच्या मध्यभागीं एखादा तरुण हातांत पट्टा चढवून उभा राहतो. पट्टा फिरूं लागला कीं पातें दिसेनासें होतें, नुसतें चक्र तेवढें दिसतें. मग कोणी तळहातावर लिंबू धरून बसतो, पट्टा खालीं येतो, लिंबाच्या दोन फोडी होतात, आणि तळहातावर ओरखडाहि उमटत नाहीं. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. आम्हींहि अनेकदां वाजविल्या आहेत. परंतु घरीं परततांना एक प्रश्न मनांत घोळत राहतो. या साऱ्या खेळांत आपण वार पुष्कळ पाहिले. पण समोरच्याचा वार कोणी अडविलेला, चुकविलेला किंवा झेललेला किती वेळां पाहिला?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु कोणत्याहि युद्धविद्येची पारख तिच्या वारावरून जितकी होते, त्याहून अधिक तिच्या बचावावरून होते. वार एकट्यालाहि करतां येतो; बचावाला दुसरा माणूस लागतो. म्हणून जी विद्या एकट्यानें करून दाखविण्यापुरती उरते, तिच्यांतून पहिल्यानें नाहींसा होतो तो बचाव. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाचें असेंच झालें काय, आणि झालें असल्यास कां झालें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हत्यारांकडे पाहूं. तलवार, ढाल, भाला, पट्टा, विटा, माडू, लाठी, फरीगदगा हीं या खेळांतील ठळक साधनें. पैकीं पट्टा हें मराठ्यांचें खास आवडतें शस्त्र. त्याचें पातें लांब, सरळ, दोन्ही अंगांना धारेचें आणि लवचिक असतें. मुठीच्या जागीं लोखंडी खोबळा असतो. त्यांत हात घालून आंतील आडवा दांडा पकडावयाचा. खोबळा कोपराच्या जवळपास पोहोंचतो. त्यामुळें मनगट जखडलें जातें आणि पातें हें जणूं हाताचेंच पुढें वाढलेलें हाड होतें. तलवारीचें बरेचसें काम मनगट करतें. पट्ट्याचें काम खांदा, कंबर आणि पाय यांना करावें लागतें. म्हणूनच पट्ट्याचें शिक्षण पायांपासून, म्हणजे पवित्र्यापासून सुरू होतें. ज्याचा पाय चुकला त्याचा हात सुधारण्यांत अर्थ नसतो.

आतां या शस्त्राचा एक दोष ध्यानांत घ्यावा. लवचिक पात्यानें कापणें चांगलें होतें. परंतु जोराचा वार त्यावर घेतला तर तें वांकतें. एकट्या पट्ट्यानें शत्रूची तलवार थोपवून धरणें अवघड. मग पट्टेकऱ्यानें स्वतःला वाचवावें कसें? एक तर पातें सतत फिरत ठेवून शत्रूला आंत येऊंच देऊं नये. मिरवणुकींत जें चक्र आपण शोभा म्हणून पाहतों, तें मूळचें या बचावाचें साधन असावें, असें आम्हांस वाटतें. आणि दुसरें म्हणजे, डाव्या हातांत ढाल किंवा दुसरें एखादें हत्यार असावें.

या दुसऱ्या उपायाचा एक उत्कृष्ट दाखला कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत आला आहे. १६५९ च्या नोव्हेंबरच्या १० तारखेस प्रतापगडाखालीं अफझलखानाशीं भेट झाली, तिची कथा मराठी घरांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र घाईनें सांगितला जातो. खान पडल्यावर सय्यद बंडा हा पट्टेकरी महाराजांवर धांवून आला. बखरकार सांगतो कीं, महाराजांनीं जिवा महालाजवळून आपला पट्टा घेतला, पट्टा आणि बिचवा यांची कातर केली आणि सय्यदाचे चार वार त्या कातरींत घेतले. पांचवा हात पडण्यापूर्वीं जिवा महालानें सय्यदाचा हात हत्यारासकट तोडला. वाचकांनीं ‘कातर’ या एका शब्दाकडे लक्ष द्यावें. दोन पातीं एकमेकांवर आडवीं धरून त्यांच्या बेचक्यांत शत्रूचा वार पकडावयाचा, असा हा बचाव आहे. एका पात्यानें जें झालें नसतें तें दोहोंच्या सांगडीनें झालें. अशीच आडव्या हातांची फुली जपानी कराटेंतहि आहे. मनुष्याच्या देहाला दोनच हात असल्यामुळें दूरदूरच्या देशांतील माणसांना तोच उपाय सुचावा, यांत नवल नाहीं.

दुसरा दाखला सिंहगडचा. १६७० च्या फेब्रुवारींत उदेभानाशीं लढतांना तानाजी मालुसऱ्याची ढाल तुटली, दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाहीं, तेव्हां त्यानें डाव्या हाताचीच ढाल केली असें सभासद लिहितो. आपण या प्रसंगाकडे शौर्याच्या दृष्टीनें पाहतों आणि तें योग्यच आहे. पण त्यांत शिक्षणाचाहि एक पुरावा आहे. ढाल गेल्यावरहि ज्याचा डावा हात आपोआप वाराच्या आड जातो, त्या हातानें कितीतरी वर्षें रोज दुसऱ्याचे वार घेतलेले असले पाहिजेत. ऐन वेळीं सुचणें हें बहुधा पूर्वीं शेंकडों वेळां केलेलें असतें.

ही संवय लागत असे कशानें? उत्तर फरीगदग्यांत आहे. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातडें चढविलेली वेताची छडी. गदगा अंगावर बसला तर वळ उठतो, पण हात तुटत नाहीं. म्हणून दोघांना मोकळेपणानें भिडतां येतें. या खेळांतील हातांचीं नांवें पाहावीं: तमाचा, बाहेरा, शिर, कमर. प्रत्येक नांव वार कोठें पडणार हें सांगतें, आणि म्हणूनच तो कोठें अडवावयाचा हेंहि सांगतें. शिकणारा वार आणि त्याची अडवण अशी जोडीनेंच शिकतो. या शब्दांपैकीं कांहीं फारसीच्या तर कांहीं हिंदुस्थानीच्या वळणाचे आहेत. ‘मर्दानी’ हा शब्दहि फारसीच. दक्षिणी सुलतानांच्या आणि मोंगलांच्या फौजांशीं दोन शतकें कधीं चाकरीनें तर कधीं वैरानें संबंध आल्यावर आखाड्याची भाषा सोंवळी राहणें शक्य नव्हतें. पंजाबांत ज्याला गतका म्हणतात तो आमच्या गदग्याचा सख्खा भाऊच होय.

घोडेस्वारांसाठीं बोथाटी होती. भाल्याच्या टोंकाला कापडाचा गोळा बांधून तो रंगांत बुडवावयाचा आणि घोडा फेंकीत प्रतिस्पर्ध्याला गांठावयाचें. ज्याच्या अंगावर रंग लागला त्याला वाद घालण्यास जागाच उरत नसे. विट्याची युक्ति निराळी. आंखूड भाल्याला दोरी लावून ती मनगटास गुंडाळलेली असते. फेंकलेलें हत्यार दोरीच्या हिसक्यानें परत हातीं येतें. या सर्वांतून एक शिक्षणक्रम दिसतो. आधीं एकट्यानें हात घोटावयाचे, मग जोडीदाराबरोबर ठराविक वार आणि ठराविक बचाव करावयाचे, आणि शेवटीं मोकळी लढत. केरळांतील कळरींतहि अंगाच्या कसरती, लांकडी साधनें, लोखंडी शस्त्रें आणि अखेर मोकळे हात अशा पायऱ्या लावलेल्या आहेत. कोणत्याहि प्रौढ विद्येला अशा पायऱ्या असाव्याच लागतात.

मग ही शेवटची पायरी झिजली कशानें? याचें उत्तर कोल्हापूरच्या एकोणिसाव्या शतकांत सांपडतें. १८४४ सालीं सामानगडावर गडकऱ्यांनीं बंड पुकारलें. पिढ्यान्पिढ्या किल्ल्यांवर राबलेल्या या शिबंदीच्या वतनी जमिनींच्या कारभारांत नव्या व्यवस्थेनें हात घातला होता. बंड पन्हाळ्यापर्यंत पसरलें, इंग्रजी फौजेनें तें मोडलें, आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकण्यांत आला. आज त्या जागीं थोडे अवशेष तेवढे दिसतात. दरवाजा पडला त्याबरोबर दरवाजा राखणाऱ्यांचें कामहि गेलें. पुढें १८५७ च्या जुलैच्या ३१ तारखेस रात्रीं कोल्हापुरांतील २७ वी पलटण उठली. महाराजांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांस कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें आणि ते तेथेंच वारले. त्यानंतर १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. तो खालसा मुलखाचा होता हें खरें. परंतु कोल्हापूरच्या शेजारीं सातारा, बेळगांव, रत्नागिरी हे खालसाच जिल्हे होते. ज्या विद्येला नोकरी नाहीं, रणांगण नाहीं आणि जिच्या साधनांकडे सरकार संशयानें पाहतें, ती विद्या सण आणि मिरवणूक यांच्या आश्रयाला जाते. तेथें तिला मान मिळतो, पण प्रतिस्पर्धी मिळत नाहीं.

याच सुमारास जपानांत काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. तेथें १८७६ सालीं, म्हणजे आपल्या कायद्याच्या अवघीं दोन वर्षें आधीं, सामुराईंना कंबरेला तलवार लावून हिंडण्याची मनाई झाली. तीहि विद्या निराधार झाली. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच तेथें बांबूची तलवार आणि अंगावरचें संरक्षक कवच वापरून मोकळी लढत करण्याची रीत रूढ होत आली होती. तलवार गेली तरी लढत राहिली. १८८२ सालीं जिगोरो कानो यांनीं जुन्या कुस्तीविद्येंतून जूडो उभें केलें तेव्हांहि त्यांनीं ठराविक डाव आणि मोकळी झटापट हीं दोन्ही अंगें राखलीं. आमच्याकडे फरीगदगा आणि बोथाटी हीं साधनें तयारच होतीं. उणीव साधनाची नव्हती. तीं साधनें हातीं घेऊन भिडण्याचें नियमित मैदान मात्र राहिलें नाहीं.

हें मैदान काय करूं शकतें याचें उदाहरणहि कोल्हापुरांतच आहे. शाहू छत्रपति १८९४ सालीं गादीवर आले. मल्लविद्येला त्यांनीं दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९०२ सालीं ते विलायतेस गेले, त्या प्रवासांत रोमचें प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांना खासबागेची कल्पना सुचली असें सांगतात. १९१२ सालीं खासबाग मैदान पुरें झालें. मध्यें लाल मातीचा हौदा आणि भोंवतीं चढत गेलेल्या बैठका. हजारों डोळ्यांसमोर ज्याची पाठ लागली त्याची लागली. तेथें नांवाचा दबदबा चालत नाहीं आणि सबबहि चालत नाहीं. कोल्हापूरची कुस्ती जिवंत राहिली ती केवळ खुराकानें किंवा बक्षिसानें नव्हे. दर मोसमांत तिची परीक्षा होत राहिली म्हणून. मर्दानी खेळाला कौतुक मिळालें, परंतु अशी परीक्षा मिळाली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या तालमींनीं आपल्या पदरच्या पैशानें हीं हत्यारें जपलीं, ज्या वस्तादांनीं दिवसभर पोटाचा धंदा करून संध्याकाळीं मुलांना फुकट शिकविलें, त्यांच्यावर हा ठपका कशाला? ठपका मुळींच नाहीं. त्यांनीं हें केलें नसतें तर आज विचार करण्यासहि कांहीं उरलें नसतें. लिंबू कापण्याचा खेळहि आम्ही हलका मानीत नाहीं. जोरानें मारलेला हात तळहाताच्या कातडीपाशीं रोखून धरणें ही मोठीच सिद्धि आहे. मात्र लिंबू उलट वार करीत नाहीं, एवढें विसरून चालणार नाहीं. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरांत माणिकरावांनीं संघव्यायामाला शिस्त लावली, अमरावतीस १९१४ पासून वैद्य बंधूंच्या हनुमान आखाड्यानें देशी व्यायामाचा प्रसार केला. त्यामुळें लाठी हजारों हातांत गेली, ही गोष्ट उपकारक झाली. पण कवायतींत प्रत्येकाच्या समोर मोकळी हवा असते. समोर माणूस उभा राहण्यासाठीं दोघांचीच जोडी लागते.

अलीकडच्या दोन गोष्टी सांगून हें लिखाण पुरें करूं. २०२२ च्या जूनमध्यें हरियाणांत राष्ट्रीय युवक क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत देशी खेळांना प्रथमच मोठें स्थान मिळालें. मल्लखांब होता, पंजाबचा गतका होता, केरळची कळरी आणि मणिपूरची थांग-ता होती. कोल्हापूरचा मर्दानी खेळ त्या यादींत नव्हता. गतक्याला तेथें जागा मिळाली, कारण त्यांत दोघे खेळाडू फरी आणि छडी घेऊन भिडतात आणि गुण मोजतां येतात. आमच्या फरीगदग्यालाहि हें सहज साधेल. दुसरी गोष्ट २०२५ च्या जुलैंतील. त्या महिन्यांत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आणि त्यांत पन्हाळा आहे. तट आणि बुरूज यांची आतां काळजी घेतली जाईल. त्या तटांवर उभें राहून ज्यांनीं वार केले आणि वार झेलले, त्यांची विद्या मात्र दगडांत नसून तालमींतील मुलांच्या अंगांत आहे.

या मुलांत आतां मुलीहि आहेत, हें पाहून आम्हांस विशेष समाधान वाटतें. कोल्हापूरची गादीच मुळीं ताराबाईंच्या कर्तबगारीवर उभी राहिलेली असल्यामुळें, ‘मर्दानी’ या नांवानें कोणी बिचकण्याचें कारण नाहीं. आमची सूचना लहानशी आहे. तालमींनीं पट्ट्याचें चक्र अवश्य फिरवावें, लिंबूहि कापावें. पण आठवड्यांतून एक संध्याकाळ फरीगदग्यासाठीं राखून ठेवावी, दोन मुलांना समोरासमोर उभें करावें, डोक्याला आणि डोळ्यांना नीट संरक्षण द्यावें, आणि एकाला वार करूं देऊन दुसऱ्याला तो अडवावयास सांगावें. आणि वर्षांतून एकदां पेठापेठांच्या जोड्या लोकांसमोर लावाव्या. पट्ट्यांत प्रवीण असलेल्याला पूर्वीं पटाईत म्हणत. आज कोणत्याहि कामांत तरबेज असलेल्याला आपण तेंच म्हणतों. पवित्रा घेणें, हूल देणें, वार चुकविणें हेहि प्रयोग आपण बोलतांना रोज करतों. भाषेनें जें इतकें जपलें आहे, तें हातांनाहि पुन्हां शिकतां येईल, अशी आमची खात्री आहे.