काचघर आणि पानमळा

वनस्पतींसाठी घर बांधण्याची कल्पना थंड प्रदेशात फोफावली, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागच्या शिवारात वैशाखातले ऊन पारा चाळिशीपार नेते. तेथे उष्णता साठवणारे घर कोणास हवे आहे? तरीही आज त्या मुलखात शेडनेट आणि पॉलिहाऊस ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी रुळली आहेत. हे कसे घडले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरील कर उठला आणि काचघरांना बहर आला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा स्फटिकमहाल उभारणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात एका ड्यूकचा माळी. काचघरे बांधतच त्याने ही विद्या हस्तगत केली होती. त्या महालाच्या धर्तीवर बंगळूरच्या लालबागेतील काचमहालाची पायाभरणी १८८९ साली झाली. परंतु बंगळूरची हवा सौम्य. उष्ण मैदानात काचेचे बंद घर म्हणजे भट्टीच! म्हणूनच कलकत्त्याजवळच्या शिवपूर उद्यानातील ताडघराला काचेऐवजी तारेची जाळी आणि तिच्यावर चढलेले वेल, असे आच्छादन मिळाले. उष्ण देशाच्या हरितगृहाने ऊन कोंडायचे नसते, ते चाळायचे असते.

हे ज्ञान आपल्याकडे मुळीच नवे नव्हते. मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड या गावांचे पानमळे पाहावेत. नागवेल मूळची दमट अरण्यातली. कोरड्या देशावर ती उघड्यावर जगणे अशक्य. तेव्हा आपल्या पूर्वजांनी तिच्यासाठी शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडे दाट लावली. तीच वेलीचा आधार आणि तीच तिचे छप्पर. उन्हाळ्यात सावली दाट राखायची, पावसाळ्यात फांद्या छाटून उजेड आत घ्यायचा. वाऱ्याच्या बाजूस आडोसा आणि वाफ्यांना वरचेवर पाणी. पायताण बाहेर काढून आत शिरावे, तो अंगाला गारवा लागतो! छपराची विरळदाट मर्यादा ऋतूप्रमाणे बदलणारे हे हरितगृहच नव्हे काय?

पाण्याने हवा निववण्याची युक्तीही जुनीच. वाळ्याच्या ताट्या भिजवून उन्हाळ्यात थंडी आणण्याचे वर्णन ‘आईन-इ-अकबरी’त आहे. सोलापूरच्या पूर्वेस नळदुर्गला बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात १६१३ साली आदिलशाही कारागिरांनी पाणीमहाल बांधला. पाणी वरून कोसळते आणि आतली दालने गार राहतात.

पुढे १९४८ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट याने काचेऐवजी प्लॅस्टिकचे हरितगृह उभारले, आणि ही श्रीमंती सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात तळेगाव-मावळात निर्यातीच्या फुलांसाठी पॉलिहाऊसे झाली. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या अनुदानाने ती लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचू लागली. त्यांच्यासोबतच सूक्ष्म तुषारांचे धुके सोडणारे फॉगरही आले.

या धुक्याचे शास्त्र सोपे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. तेवढ्याने सुमारे २०० घनमीटर हवा १० अंशांनी निवते. हवा जितकी कोरडी, तितका गुण अधिक. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ती तत्त्वतः सुमारे २२ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणच्या दमट हवेत मात्र चारपाच अंशांवरच गाडी अडते. म्हणजे वैरागची हवा धुक्याला फारच अनुकूल!

दुर्दैव असे की, जेथे हवा कोरडी तेथे विहीरही कोरडी. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसवर भर दुपारी पडणाऱ्या उन्हापैकी ७० टक्के आत आले आणि ती सारी उष्णता पाण्यानेच हटवायची म्हटली, तर ढोबळ हिशेबाने तासाला ९०० लिटर पाणी वाफ व्हावे लागेल. तेच ऊन जाळीने निम्मे अडवले, तर पाणीही निम्मेच लागेल. शिवाय पाणी क्षारयुक्त असले की फॉगरची बारीक छिद्रे बुजतात आणि पानांवर पांढरे डाग उरतात. थेंब जाड पडले तर पाने ओली राहून रोग बळावतो. आणि छपराची वरची झडप बंद असेल, तर आतली हवा दमट होऊन धुक्याचा गुणच सरतो.

म्हणून उष्ण देशात क्रम ठरलेला आहे: आधी सावली, मग वारा आणि सर्वांत शेवटी पाणी. सावलीचा खर्च एकदाच होतो, पाण्याचा रोज दुपारी. त्यातही तारतम्य हवेच, कारण सावली वाजवीपेक्षा दाट झाली की पीक उजेडावाचून खुरटते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्याला पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. फॉगर जरूर घ्यावा. परंतु तो विकत घेण्यापूर्वी एखाद्या जुन्या पानमळ्यात, पायताण बाहेर काढून, घटकाभर उभे राहावे आणि वर पाहावे.