परसातल्या कोंबडीचा हिशेब

परसात कोंबड्या असलेल्या घरात त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. कणी घरची, जागा घरची, राखण घरची. त्यामुळे मिळालेले प्रत्येक अंडे फुकटचे, अशी समजूत असते. शहराच्या कडेला बंगल्याच्या आवारात चार कोंबड्या आणणारा मात्र खाद्याच्या पोत्याची किंमत मांडतो आणि वर्षभरात दुकानातले अंडेच स्वस्त, असे ठरवून मोकळा होतो. हे दोन्ही हिशेब अपुरे आहेत. पहिल्यात मेलेल्या कोंबड्या धरलेल्या नाहीत, दुसऱ्यात परसाचे काम धरलेले नाही. नीट मांडणी केली की दिसते ते असे: या पालनाचा नफातोटा खाद्यापेक्षा आणि जातीपेक्षा मरतुकीवर ठरतो, आणि मरतूक कमी करण्याचे उपाय स्वस्त आहेत.

विषय किरकोळ नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके होती आणि त्यांतली जवळजवळ ३२ कोटी परसातली होती. २०१२ च्या गणनेत परसातला आकडा सुमारे २२ कोटी होता. म्हणजे सात वर्षांत यात सुमारे ४६ टक्के वाढ झाली, तर व्यापारी फार्मवरची वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. हा व्यवसाय बहुतांशी बायकांच्या हातात आहे आणि अंड्यांचा, कोंबड्याचा पैसा बहुधा त्यांच्याच हातात राहतो. त्याचा हिशेब काळजीने मांडला पाहिजे, तो म्हणूनच.

आधी खाद्य घेऊ. हिशेबासाठी खाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव गावोगाव आणि हंगामागणिक बदलतो. फार्मवरची पांढरी लेगहॉर्न दिवसाला साधारण ११० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ४० किलो खाद्य खाते आणि तीनशेच्या वर अंडी देते. अंड्यामागे खाद्याचा खर्च चार रुपयांच्या आत बसतो. तेवढेच खाद्य खाऊन ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या कोंबडीने १८० अंडी दिली, तर हा खर्च पावणेसातच्या आसपास जातो. गावठी कोंबडी आकाराने लहान. ती ८० ग्रॅमवर भागवेल, पण वर्षाला अंडी देईल साठ ते ऐंशी. तिला कोंडून पोत्यातले खाद्य घातले, तर प्रत्येक अंडे अकरा ते साडेचौदा रुपयांना पडते. गावठी कोंबडी जाळीत ठेवून अंड्यांचा धंदा करू पाहणाऱ्याचे गणित इथेच फसते.

तीच कोंबडी मोकळी सोडली की चित्र पालटते. उकिरड्यावरचे किडे, वाळवी, गवताचे बी, खळ्यावर सांडलेले दाणे, भांडी घासल्यावर उरलेली शिते यांवर तिचे निम्म्याहून जास्त पोट भरते. संध्याकाळी तीसेक ग्रॅम दाणा टाकला तरी ती तग धरते. वर्षाचे हे अकरा किलो झाले, आणि ते विकत आणले तरी अंडे चार ते साडेपाच रुपयांना पडते. घरचा कोंडा-कणी असेल तर त्याहून कमी.

पण परसाचीही एक कुवत असते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दहा कोंबड्यांना पुरणारा उकिरडा चाळीस कोंबड्यांना पुरत नाही. अकरावी, बारावी कोंबडी आली की तिचे खाद्य पोत्यातून येऊ लागते आणि सरासरी खर्च वर चढतो. ही कुवत ऋतूप्रमाणेही बदलते. पावसाळ्यात किडे आणि कोवळा पाला मुबलक, सुगीनंतर दाणा मुबलक. चैत्र-वैशाखात मात्र जमीन कोरडी पडते. तेव्हाच वरचा दाणा वाढवावा लागतो आणि पाणी सावलीत, दिवसातून दोनतीनदा बदलून ठेवावे लागते. अंड्याचे कवच पातळ येत असेल तर दाण्यापेक्षा कॅल्शियमची गरज आहे असे समजावे. कुटलेले शिंपले किंवा वाळवून चुरलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवली की कोंबडी हवी तेवढी खाते.

आता मरतूक. गावठी कोंबडीचे खरे उत्पन्न अंडे नसून पिल्लू आहे. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी नऊदहा पिल्ले बाहेर पडतात. अंडी आठवड्याहून जुनी नसावीत. उन्हाळ्यात तर तीनचार दिवसांचीच घ्यावीत. हीच बारा अंडी दहा रुपयांनी विकली असती तर १२० रुपये आले असते. उबवलेल्या नऊ पिल्लांतली तीनच पाचसहा महिन्यांची झाली आणि नग ३५० रुपयांना गेला, तर १०५० रुपये येतात. सात जगली, तर २४५०. कोंबडी तीच, परस तेच, अंडी तीच; वरच्या चार पिल्लांनी चौदाशे रुपये आणले. दाण्यात केलेली कोणतीही काटकसर एवढे पैसे देत नाही.

पिल्लू कोणत्या वयात मरते, यालाही महत्त्व आहे. पहिल्या आठवड्यात गेलेले पिल्लू एका अंड्याचे नुकसान करते. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तलंग गेली, की तिने पाच महिने खाल्लेले सगळे आणि पुढे येणारे सगळे जाते. पहिल्या महिन्यातली मरतूक गारठा, पाऊस, घार, कावळा आणि मुंगूस यांनी होते. पुढची मुख्यतः रोगाने. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या महिन्यासाठी डालगे हे जुने साधन आजही उत्तम आहे. आईसकट पिल्ले डालग्याखाली ठेवून कणी आणि उथळ भांड्यात पाणी द्यावे; ऊब आई देते, घारीपासून रक्षण डालगे करते. आईशिवाय आणलेल्या एका दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश तापमान लागते. मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचे. पिल्लामागे एकदोन वॅट धरून साधे तापणारे बल्ब लावावेत. एलईडी दिव्याला पुरेशी उष्णता नसते, तो या कामाचा नाही. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून एकमेकांवर चढली तर गारठा आहे, दिव्यापासून लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उष्मा आहे.

खुराड्यावरचा पैसा एकदाच जातो, म्हणून तो कंजूषपणे खर्च करू नये. रात्रीच्या निवाऱ्यासाठी पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. दहाबारा पक्ष्यांचे खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, बसायला आडव्या दांड्या, चारपाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारा खोका, आणि हवा खेळेल पण मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी. मुंगूस किंवा रानमांजर आत शिरले तर एकाच रात्रीत सगळे खुराडे रिकामे करते. फटीपुरती जाळी वाचवणे फार महाग पडते. खाली भाताचे तूस अंथरले की विष्ठा कोरडी राहते. कोंबडीमागे वर्षाला तीसचाळीस किलो ओली विष्ठा मिळते. ती ताजी झाडांना घालू नये, मुळे करपतात; कुजवून घातली तर भाजीला उत्तम खत होते.

जातीबद्दल थोडक्यात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराज या सुधारित जाती परसासाठीच तयार केल्या आहेत. ग्रामप्रिया अंड्यांना चांगली, वनराजा आणि गिरिराज वजनाला. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे दर खेपेला पिल्ले विकत आणावी लागतात; त्यांच्याच अंड्यांतून उबवलेली पुढची पिढी त्या गुणाची निघत नाही. शिवाय जड पक्ष्याला घारीपासून, कुत्र्यापासून पळता येत नाही. माझे मत असे, की रोज अंडी हवी असतील तर चारपाच ग्रामप्रिया ठेवाव्यात, पण पिल्ले उबवायला दोनतीन गावठी कोंबड्या घरात हव्यातच. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भावही चांगला मिळतो. मात्र गिऱ्हाईक ठरल्याशिवाय त्या भावावर हिशेब बांधू नये. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही. उबवायची असतील तर आठदहा माद्यांमागे एक पुरे.

रोगांत सर्वांत घातक राणीखेत, गावाकडची मानमोडी. १९२० च्या दशकात उत्तराखंडातील राणीखेतला आढळला म्हणून भारतात त्याला हे नाव पडले. हिरवी हगवण, घरघर, पंख सोडून बसणे, मान पिळवटणे, आणि दोनचार दिवसांत आख्खी वाडी साफ. औषध नाही; लस आहे आणि ती चांगली लागू पडते. पिल्लू पाचसात दिवसांचे झाले की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबीचे इंजेक्शन. चौदाव्या दिवशी गंबोरोची आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लसही द्यावी. आजारी पक्ष्याला लस देऊ नये आणि लशीच्या आठवडाभर आधी जंतनाशक पाजावे.

मग घरोघरी लस का दिली जात नाही? अडचण बाटलीच्या मापाची आहे. लहानात लहान बाटली बहुधा १०० मात्रांची येते. ती दोन ते आठ अंश थंडाव्यात, बर्फाच्या डब्यातून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण बाटली आणते तेव्हा नव्वद मात्रा फेकून देते; तिला प्रत्येक मात्रा दसपट महाग पडते. एकट्या घराला हा खर्च परवडत नाही, आणि वाडीने मिळून केला तर पक्ष्यामागे काही रुपयांवर येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी आय-२ नावाची उष्णता सोसणारी लस खेड्यांतल्या कोंबड्यांसाठीच विकसित केली. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत ती दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब टाकून दिली जाते, आणि तिथेही काम चालते ते गावाने दिवस ठरवल्यामुळे.

बर्ड फ्लूचा विचारही इथेच करावा लागतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला झाला. अशा वेळी ठरलेल्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारतात, परसातल्याही. नुकसानभरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून अचानक मर लागली तर लपवू नये; त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नये, खाऊ नये, उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे किंवा पिशवी घालून त्याला खोल पुरावे आणि चुना टाकावा.

उन्हाळ्यात राणीखेतची साथ जोर धरते, म्हणून लस जानेवारी-फेब्रुवारीत पडायला हवी. आपल्या वाडीतल्या कोंबड्या मोजा, पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लशीची तारीख घ्या, बाटलीचा खर्च पक्ष्यामागे वाटून घ्या. पक्षी खुराड्यात शिरल्यावर, अंधार पडताना, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लस द्या. तेव्हा ते सहज हाती येतात आणि एकही सुटत नाही.