पोकलेनच्या चालीतील हायड्रॉलिक दोषांचे निदान

साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या उत्खनन यंत्राची एक बाजू मंदावणे, यंत्र एकीकडे ओढले जाणे किंवा चढावर थांबणे या तक्रारींचे मूळ शोधण्याची पद्धत. बहुतेक मोठ्या यंत्रांत दोन मुख्य पंप असतात व सरळ चालताना प्रत्येक पंप एकेका पट्ट्याला तेल पुरवतो. निदानाचा सारा आधार या विभागणीवर आहे.

आधी पट्ट्याचा ताण, अडकलेला चिखल आणि फायनल ड्राइव्हमधील तेल पाहावे. दोष पुष्कळदा तेथेच सापडतो. दोन्ही बाजू मंद असल्यास पायलट दाब (कंट्रोल व्हॉल्व्ह हलवणारा नियंत्रण दाब) व सामाईक भाग तपासतात. एकच बाजू मंद असून त्याच पंपावरील बूम किंवा आर्मही संथ असेल, तर संशय पंपावर जातो. अन्यथा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सेंटर जॉइंट (फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणारा जोड) यांमधील डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल करतात. दोष बाजू बदलतो तेव्हा तो व्हॉल्व्ह, पायलट किंवा पंपाकडे असतो. जागीच राहिल्यास सेंटर जॉइंट किंवा ट्रॅव्हल मोटरमध्ये. मोटरच्या केस ड्रेनमधून (आतली गळती परत नेणाऱ्या नळीतून) निर्मात्याच्या मर्यादेपेक्षा जास्त तेल येणे हे अंतर्गत झिजेचे लक्षण होय. सेंटर जॉइंटचे सील फाटल्यास तेल आतल्या आत एका मार्गातून दुसऱ्यात झिरपते, बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून चांगली मोटर नाहक बदलली जाते. केस ड्रेन व सेंटर जॉइंट तपासल्याविना मोटर उतरवू नये.

प्रणालीतील दाब सुमारे ३५० बारपर्यंत जातो. नळी सोडण्यापूर्वी तो उतरवावा. गळती हाताने कधीही चाचपू नये.