सात माणसांचं ओझं

शेफिल्डला क्लायंटच्या ऑफिसात चार महिने काढले आणि शेवटच्या शुक्रवारी आमचं रिलीज झालं. शनिवारी सकाळी आभाराचा मेल आला. त्यात अकरा नावं होती. तीन आठवडे रात्री जागून सगळा डेटा हलवणाऱ्या पुण्याच्या चार जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं. मोबाइल खिशात टाकला आणि बस पकडून चॅट्सवर्थला गेलो.

चॅट्सवर्थ म्हणजे डर्बीशायरमधला डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा वाडा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा २००५ चा सिनेमा पाहिला असेल, तर डार्सीचं घर म्हणून तुम्ही तो पाहिलाच आहे. मला बाग बघायची होती. तिथे उतारावर टप्प्याटप्प्याने चढत जाणारी, काचेने झाकलेली एक लांब भिंत आहे. १८५० च्या सुमारास या भिंतीच्या उबेत कॅमेलियाची झुडपं लावली गेली. कॅमेलिया म्हणजे चहाची सख्खी बहीण, फक्त हिला फुलांसाठी वाढवतात. त्या वाणाचं नाव ‘कॅप्टन रॉज’. चीनमधून ते झुडूप जहाजात घालून आणणारा ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान म्हणजे हा रॉज. चीनमध्ये ते ज्याने वाढवलं, त्या माळ्याचं नाव मात्र फुलाला मिळालं नाही.

मेल डोक्यात होताच. मग मी बागेत नावंच शोधत फिरलो, आणि परत आल्यावर वाचत बसलो.

गोष्ट अशी आहे. १८२६ मध्ये सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या विशीतल्या मुलाला मुख्य माळी नेमलं. लंडनचा क्रिस्टल पॅलेस पुढे १८५१ मध्ये उभारला तो यानेच. ड्यूकला ऑर्किडचं वेड लागलं आणि पॅक्स्टनने त्यासाठी थेट माणूसच भारतात पाठवायचं ठरवलं. निवड झाली जॉन गिब्सनची. चॅट्सवर्थच्याच बागेत काम शिकलेला, वय वीस. १८३५ मध्ये तो नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांच्याबरोबर एकाच जहाजातून निघाला. कलकत्त्याहून पुढे तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीला पोहोचला.

इथे थोडं थांबायला हवं. त्याच टेकड्यांत १८२९ पासून नोंगख्लावचा राजा तिरोत सिंग इंग्रजांशी लढत होता. इंग्रजांना आसाम आणि सिल्हेट जोडणारा रस्ता त्या प्रदेशातून हवा होता. १८३३ मध्ये तिरोत सिंग शरण आला आणि १८३५ मध्ये ढाक्याला कैदेतच वारला. दुसऱ्याच वर्षी गिब्सन फुलं गोळा करायला आला. युरोपने तोवर न पाहिलेल्या ऑर्किडच्या कितीतरी जाती त्याला तिथे मिळाल्या. त्यांना नावं मिळाली ती अशी: डेंड्रोबियम डेव्होनियानम, ड्यूकवरून. डेंड्रोबियम पॅक्स्टोनी, पॅक्स्टनवरून. डेंड्रोबियम गिब्सोनी, गिब्सनवरून.

मला त्यातलं तंत्रही आवडलं, खोटं कशाला बोलू. जहाजाच्या डेकवर खारा वारा, आणि गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं. रोपं मरायचीच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी यावर काचेची बंद पेटी काढली होती. आतल्या पाण्याची वाफ होते, काचेवर थेंब जमतात, तेच पुन्हा मातीत उतरतं. पाणी घालायलाच नको. गिब्सनने अशाच पेट्या नेल्या होत्या. १८३७ मध्ये तो रोपं घेऊन परतला.

ती जगवायची कशी, हा पुढचा प्रश्न. ऑर्किड म्हणजे दमट आणि गुदमरवणारी उष्णता, असं तेव्हाचे बरेच माळी धरून चालत आणि रोपं कुजवत. पॅक्स्टनने काचघरात हवा खेळती ठेवली, निरनिराळ्या जातींना निरनिराळं तापमान दिलं. सिंधुदुर्गातल्या माझ्या आजीला यात नवल वाटलं नसतं. आजोळी पावसाच्या तोंडाला आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी फुलते, तीही ऑर्किडच. मुळं उघड्यावर, वाऱ्याला. ती कुणी पुरत नाही. आणि तिच्या नावात कुठला ड्यूक नाही.

उष्ण देशांतल्या झाडांसाठी पॅक्स्टनने १८४० पर्यंत सुमारे २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद काचघर उभारलं. आठ बॉयलर त्याला ऊब देत. कोळसा भुयारातून यायचा, म्हणजे पाहुण्यांना फुलं दिसायची, कोळसा वाहणारे दिसायचे नाहीत. पहिल्या महायुद्धात काचघरासाठी कोळसा मिळेना, झाडं गारठून मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं. आज तिथे झुडपांचा भुलभुलैया आहे.

पण मनात रुतून बसलं ते वेगळंच. १८५० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर त्याच खासी टेकड्यांत गेला. तिथे निळं वांडा ऑर्किड झाडांवर लगडलेलं होतं. क्यू इथल्या बागेसाठी त्याने सात माणसांचं ओझं होईल इतकी रोपं काढली. त्यातली थोडीच जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाच्या ओझ्याएवढी रोपं इंग्लंडला पाठवली. पोहोचली तेव्हा ती मरगळलेली होती, तरी ३०० पौंडांना विकली गेली. हुकरने हे प्रामाणिकपणे आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. पुढे संग्राहक येत राहिले आणि टेकड्या ओरबाडल्या गेल्या. निळ्या वांडाला अखेर कायद्याने संरक्षण द्यावं लागलं.

सात माणसं. जगातल्या सगळ्यात पावसाळी उतारांवर पाठीवर ओझं घेऊन चालणारी. ती माणसं इतिहासात आहेत, पण मापाचं एकक म्हणून.

आमच्या कामात एक सोय असते. कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली, ते एका कमांडमध्ये कळतं. बागेला तशी सोय नाही. बागेत पाटी असते, आणि पाटी लिहिणारा ठरवतो कुणाला आठवायचं.

खासी टेकड्यांतल्या त्या सात जणांची नावं मी कुठून आणणार? पण पुण्याच्या चौघांची मला पाठ होती. रविवारी रात्री तो मेल पुन्हा उघडला, ‘रिप्लाय ऑल’ केलं आणि चार नावं लिहिली. कोणी काय केलं, तेही एकेका ओळीत.

सोमवारी मॅनेजरचं उत्तर आलं. फक्त एक थम्स अप. पण चौघांपैकी एकीने त्या मेलचा स्क्रीनशॉट तिच्या आईला पाठवला, असं नंतर कळलं.