जव्हारच्या गोष्टीत जमीन कोणाची होती?

संशोधनाला सुरुवात करताय ना? मग मोठ्या अभिलेखागाराचा पास काढण्याआधी दोन दिवस जव्हार-मोखाड्याला जाऊन या. एका इमारतीतलं मोठं संग्रहालय मात्र शोधू नका. इथे ते विखुरलेलं आहे: जयविलास राजवाडा, शिरपामाळ आणि बोहाड्याचे मुखवटे.

राजवाडा मुकणे घराण्याचा. हे महादेव कोळी घराणं. राज्याची स्थापना १३४३ ची सांगतात. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झालं. स्थापनेची गोष्ट तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. जयबा मुकण्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून सगळा मुलूखच वेढला.

आता गंमत बघा. अगदी हीच गोष्ट उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही सांगतात. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही हे साम्य नोंदवलंय. मग दंतकथा म्हणून सोडून द्यायची? नाही. इथे खरा प्रश्न विचारायचा: जमीन मागितली कोणाकडे? गॅझेटियर सांगतं, आधी जव्हार एका वारली प्रमुखाकडे होतं. म्हणजे 'कातडं' दंतकथेतलं असेलही, पण आधी इथे दुसऱ्याची सत्ता होती ही आठवण त्या गोष्टीने जपली. जिंकणाऱ्याचं चातुर्य लक्षात राहिलं, हरणारा मागे पडला.

शिरपामाळावरही तसंच. १६६४ च्या सुरत स्वारीची नोंद इंग्रज वखारीच्या कागदांत आहे. वाटेत शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजांना भेटले, ही आठवण स्थानिक परंपरेने जपली आहे. वहीत दोन्ही लिहा, पण वेगळ्या रकान्यांत.

मोखाड्याचा बोहाडा तर रात्रीच बघायचा. भिंतीवर टांगलेला मुखवटा नुसती वस्तू असते. संबळाच्या तालावर तोच देव होतो, नाहीतर राक्षस. कोणतं सोंग कोणत्या घराकडे, हे विचारा. गावातल्या मानपानाचा इतिहास त्या उत्तरात सापडतो. फोटो मात्र परवानगीनेच काढा.

परतताना वहीत एवढं तपासा: ही वस्तू कोणी जपली? गोष्ट कोण सांगतंय? आणि तिच्यात कोण गप्प आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं, तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचा विषय बहुतेक तिथेच आहे.