पडद्यावरील थेऊर

रणजित देसाई ह्यांची ‘स्वामी’ ही कादंबरी 1962 सालीं प्रसिद्ध झाली आणि 1987 सालीं तिची मालिका दूरदर्शनवर आली. मालिका नवी, पण कथा घरोघर ठाऊक असलेली. कादंबरी वाचतांना प्रत्येकानें आपापला माधवराव मनांत घडविला होता. रवींद्र मंकणी व मृणाल देव ह्यांनीं सर्वांना एकच माधवराव आणि एकच रमाबाई दिली. दिग्दर्शक गजानन जागीरदार हे 1944 च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटांतील रामशास्त्री. पेशवाई त्यांना परकी नव्हती.

माधवरावांविषयीं कागदपत्रें विपुल आहेत. पानिपतानंतर 1761 मध्यें, 16 वर्षांच्या वयांत, त्यांना पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. 1763 मध्यें राक्षसभुवनास त्यांनीं निजामाचा पराभव केला. 1768 मध्यें धोडप येथें चुलते रघुनाथराव ह्यांना नमवून शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजीं थेऊरास क्षयानें त्यांचा अंत झाला. रमाबाईंविषयीं मात्र दप्तर फार थोडें बोलतें. त्या सती गेल्या, हें निश्चित. त्यांच्या मनांत काय होतें, हें राजकारणाच्या कागदांतून कळत नाहीं. ती रिकामी जागा कादंबरीकारानें प्रीतीनें भरून काढली. तो त्यांचा अधिकारच होय.

अडचण पुढेंच आहे. कथा थेऊरकडे वळली, तेव्हां आमच्या घरांत सर्वांचे डोळे पाणावले, आमचेहि. तें पाणी खोटें नव्हतें. परंतु तें कशासाठीं होतें? दोन तरुण जिवांच्या वियोगासाठीं, कीं चितेच्या तेजासाठीं? हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. त्याच 1987 च्या 4 सप्टेंबरला राजस्थानांतील देवराळा येथें 18 वर्षांची एक विधवा पतीच्या चितेवर जळाली, आणि पुढें त्या जागीं हजारों लोक जयघोष करीत जमले. बेंटिंकच्या 1829 च्या सतीबंदीला दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. तरी संसदेला नवा कायदा करावा लागला.

कादंबरींतील प्रीति हें लेखकाचें दान आहे. चिता मात्र इतिहासांतली आहे. त्या प्रीतीच्या मोहांत चितेचा दाह विसरला, तर दोष लेखकाचा नव्हे, नटांचाहि नव्हे. तो आम्हां पाहणारांचा.

थेऊरास नदीकांठीं रमाबाईंचें स्मारक आहे. मुलांना तेथें नेलें, तर पडद्यावरील रमाबाईंबरोबर, जिच्या मनाची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं, त्या रमाबाईंचीहि आठवण करून द्यावी.